बॉनेटवरचा मेंढा: ओरिजिनल की कॉपी?

भूममधून बोलतोय, आमच्या लेथच्या दुकानातून. शटर अर्धं खाली ओढलंय, तरी मधेच एखादा ट्रॅक्टर जाईल. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय जरा वेगळा आहे. जुन्या गाड्यांच्या बॉनेटवर पुढं एक छोटी मूर्ती असायची, बघितलीय का कधी? आता गाडीच्या जाळीवर कंपनीचा लोगो चिकटवलेला असतो. तेव्हा नाकावर अख्खं शिल्प उभं असायचं. सुरुवातीला ते रेडिएटरच्या झाकणावर बसवायचे, कारण झाकण बाहेरच असायचं. पुढं झाकण बॉनेटखाली गेलं आणि मूर्ती बॉनेटवर आली. रोल्स रॉईसची वाऱ्यात पदर उडणारी बाई, जॅग्वारचा झेप घेणारा जॅग्वार, प्लिमथचं शिडाचं जहाज आणि डॉजचा मेंढा. यातला मेंढा आमच्या घरात आहे.

देवघराच्या शेजारच्या फळीवर असतो तो. माझे आजोबा एका व्यापाऱ्याच्या डॉज गाडीवर ड्रायव्हर होते. गाडी विकली तेव्हा मालकानं हा मेंढा काढून त्यांना दिला, एवढंच आम्हाला माहीत होतं. खंडेनवमीला आम्ही पाने, व्हर्नियर, ड्रिलचे बिट मांडतो ना, तेव्हा मधोमध मेंढा. त्यालाही हळदकुंकू. लहानपणी मला तो देवच वाटायचा.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं डॉज कुठून? तर आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या गाड्या जोडायला सुरुवात केली. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही सगळी एकाच घरातली भावंडं. पद्मिनी नंतरची. डॉजचा मेंढा मात्र त्याच्याही आधीचा, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीचा. एव्हर्ड फेअरबँक्स नावाच्या अमेरिकन शिल्पकारानं तो घडवला.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या जूनमध्ये धाकट्या बहिणीचं पुण्यात ॲडमिशन झालं. फी, हॉस्टेल, डिपॉझिट, सगळं एकदम आलं. मी मेंढ्याचा फोटो एका ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांचा फोन. त्यांच्याकडं जुनी डॉज आहे, ती ते नीट करतायत. म्हणाले, "ओरिजिनल असेल तर बावीस हजार देतो. पण वरून काढलेला फोटो नको, पालथा करून काढ."

पालथा करून! मी आयुष्यात तो मेंढा पालथा केला नव्हता. देवाला कोण पालथं करतं?

केला. आणि इथून मला हे सगळं शिकायला मिळालं.

पहिली गोष्ट म्हणजे खालची बाजू. कॉपी करणारा वरच्या बाजूवर जीव ओततो, कारण गिऱ्हाईक तिथंच बघतं. खाली कुणी बघत नाही, म्हणून खरं ते खाली सापडतं. त्या काळातल्या अमेरिकन मूर्ती बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्या, डाय कास्टिंगच्या. म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबानं भरलेला. अशा मालाची आतली बाजू गुळगुळीत असते, जाडी सारखी, मधे बारीक फासळ्या, साच्यातून माल ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे आणि बऱ्याचदा उठावातला पार्ट नंबर. वाळूच्या साच्यात ओतलेल्या मालाची आतली बाजू भाकरीच्या पाठीसारखी खरबरीत असते. आमच्या मेंढ्याची खालची बाजू कशी होती? खरबरीत. कडेला कानशीचे ओरखडे. नंबर नाही.

मी स्वतःला समजावलं, झिजला असेल. आतल्या बाजूनं कसा झिजेल, हा प्रश्न मी त्या दिवशी मनात येऊ दिला नाही. बावीस हजार होते हो.

दुसरी परीक्षा धातूची. लोहचुंबक लावून बघणारे खूप असतात. त्यातून एवढंच कळतं की माल लोखंडाचा आहे का. जस्ताला चुंबक चिकटत नाही, पितळेलाही नाही. त्यापेक्षा वजन आणि आकारमान काढा. त्यासाठी मी मित्राच्या खव्याच्या भट्टीवर गेलो. भूममध्ये वजनकाट्याला काय तोटा! मेंढा नुसता ठेवला, 924 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य केला आणि मेंढा दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून धरला. तळाला टेकू द्यायचा नाही, पोकळ भागात हवा अडकू द्यायची नाही, तिरका करून बुडबुडे काढायचे. काट्यावर आकडा आला 110. म्हणजे मेंढ्यानं 110 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारलं. 924 भागिले 110, उत्तर 8.4. जस्ताच्या त्या मिश्रधातूचं उत्तर 6.6 च्या आसपास येतं, ॲल्युमिनियमचं 2.7 आणि पितळेचं साडेआठच्या जवळ.

पितळ होतं.

मित्र खव्याचा गोळा तळहातावर रगडत उभा होता. तूप सुटतंय का, रवाळ आहे का, ते हाताला कळतं. शंका आली तर आयोडीनचा थेंब टाकायचा, स्टार्च असेल तर निळा पडतो. तो म्हणाला, "निळा पडला का रं तुझा मेंढा?"

पण थांबा. पितळ म्हणजे कॉपीच, असं सरसकट धरू नका. 1920 च्या दशकातल्या कितीतरी अस्सल मूर्ती पितळेच्या किंवा ब्राँझच्या आहेत, वर निकेलचा मुलामा. कोणत्या गाडीची, कोणत्या काळातली, हे आधी ठरवा, मग धातू बघा. मुलाम्याचंही तसंच. निकेलची झाक जराशी पिवळसर, क्रोमची निळसर. गाड्यांवर क्रोम आलं 1920 च्या दशकाच्या शेवटी. त्याआधीच्या गाडीची मूर्ती क्रोमनं चकाकत असेल तर एकतर मुलामा नंतर चढवलाय किंवा मूर्तीच नंतरची. आणि जस्ताच्या जुन्या मालावर क्रोमला बारीक फोड येतात, तोंडावरच्या पुटकुळ्यांसारखे. नवखा माणूस ते बघून नाक मुरडतो. जाणकार तेच बघून खिशात हात घालतो.

सहीवर तर अजिबात भाळू नका. रोल्स रॉईसची ती बाई चार्ल्स साइक्स या शिल्पकाराची, 1911 ची. जुन्या मूर्तींच्या तळाशी त्याची सही असते. पण मूर्तीवरूनच साचा घेतला तर सहीसुद्धा फुकटात उतरते! फक्त अक्षरांच्या कडा बोथट होतात. फ्रान्सच्या रेने लालिकनं काचेच्या मूर्ती केल्या. 1925 मध्ये सिट्रोएनसाठी केलेले पाच घोडे त्यातलेच. तिथं सहीचा उपयोग होतो. तो 1945 मध्ये वारला, त्यानंतर कंपनीच्या सहीतला 'आर' गेला. 1925 चा माल म्हणून कुणी विकत असेल आणि सही नुसतीच 'लालिक फ्रान्स' असेल, तर नमस्कार करून पुढं चालू लागा.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडली. मोजमाप. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. पितळ साधारण दीड टक्का. त्यामुळं मूळ मूर्तीवरूनच साचा घेऊन ओतलेली कॉपी मूळ मूर्तीपेक्षा कणभर लहान भरते. डोळ्यांना दिसत नाही, व्हर्नियरला दिसतं. त्या गृहस्थांकडं एक खात्रीचा मेंढा होता, पण त्याचा मुलामा पार गेलेला. त्यांनी दोन शिंगांमधलं अंतर मोजून कळवलं, 96 मिलिमीटर. माझं भरलं 94.4. तीनदा मोजलं. अण्णांनी माझ्या हातातून व्हर्नियर घेऊन चौथ्यांदा मोजलं आणि काही न बोलता ठेवून दिलं.

राहिले आटे. मूर्ती बसवायचा खालचा बोल्ट. आजच्या कॉपीला बहुतेक मेट्रिक बोल्ट असतो, सहा मिलिमीटरचा नट सरळ बसतो. आमच्या मेंढ्याला तो बसेना. माझ्या जिवात जीव आला! पाव इंची बोल्ट होता, इंचाला वीस आटे. अमेरिकन गाड्यांनाही पाव इंचाला वीस आटे असतात. पण अण्णांनी चाळीस वर्षं आटेच पाडलेत. त्यांनी पिच गेजची दोन पानं काढली, एक साठ अंशांचं, एक पंचावन्नचं. साठ अंश म्हणजे अमेरिकन, पंचावन्न म्हणजे इंग्रजांचं व्हिटवर्थ. पान आट्यात बसवून ट्यूबलाइटसमोर धरलं. साठच्या पानाखालून उजेड दिसत होता. पंचावन्नचं घट्ट बसलं.

व्हिटवर्थ आटे म्हणजे आपल्याकडं मेट्रिक रुळायच्या आधीचं देशी काम. म्हणजे मेंढा डॉजच्या कारखान्यातला नाही. पण कालपरवा कुणाला फसवायला केलेलाही नाही.

अण्णा म्हणाले, "फोटोत आटे कुठं दिसतात? दे पाठवून, ओरिजिनल म्हण." मग स्वतःच चहा सांगायला बाहेर गेले.

रात्री आजीला विचारलं. आजी पंच्याऐंशीच्या पुढची, कान जरा जड. मेंढा तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "आता कळलं व्हय तुला? खऱ्याचं शिंग तुटलं हुतं. ह्यांच्याच हातनं, गाडी पुसताना. दोन दिस जेवलं न्हाईत. मालक गावाला गेल्याला. मग सोलापूरला जाऊन वतून आनला. माजी पुतळ्याची माळ गेली त्यात."

मी विचारलं, मालकाला कळलं नाही? ती म्हणाली, "कळलं नसतं तर काढून का दिला आसता?"

त्या गृहस्थांना मी सगळं लिहून पाठवलं. वजन, माप, आट्यांचा फोटो. ते म्हणाले, कॉपी म्हणून तीन हजार देतो, गाडीवर लावायला चालेल. भाव योग्य होता. नव्या कॉपीचा उजेडात उभा राहून मी एवढाही दिला नसता. एक सांगतो, कॉपी विकणं हा काही गुन्हा नाही. जुनी गाडी उभी करणाऱ्याला अस्सल भाग मिळाला नाही तर तो काय करणार? कॉपीला कॉपी म्हणून विका, तिचीही किंमत असते. घोळ होतो तो पितळेवर ॲसिड टाकून काळं करणाऱ्यांचा आणि खाचांत बूटपॉलिश भरून 'आजोबांच्या ट्रंकेत सापडलं' म्हणणाऱ्यांचा. तेव्हा मुंबईच्या चोरबाजारात जा नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात, खिशात व्हर्नियर, एक मेट्रिक नट आणि कापडाचा बोळा ठेवा. बोळ्यावर पॉलिश उतरलं तर समजून जा. ऑनलाइन घेत असाल तर खालच्या बाजूचा आणि बोल्टचा फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करायला लागला की तुमचे पैसे वाचले.

मेंढा दिला नाही. अण्णांनीच नको म्हटलं. फी दोन हप्त्यांत भरली, दुसरा हप्ता अजून चालू आहे. यंदा खंडेनवमीला आजीनं मेंढा स्वतः चिंचेनं घासला. मुलामा आणखी थोडा गेला आणि उजव्या शिंगाखाली पिवळं पितळ उघडं पडलं. मी काही बोललो नाही.

तुमच्या घरी असं काही असेल तर फोटो पाठवा. पालथं करून काढलेला.