चित्रपटगृह येऊ घातले आहे. आपण काय करणार?

(अंबाजोगाई येथे एका वसाहतीतील कुटुंबमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या वसाहतीलगतच्या मोकळ्या जागेवर चित्रपटगृह उभारण्याचा विचार चालू आहे, ही वार्ता आल्यापासून घरोघरी दुसरा विषय नाही. मेळाव्याच्या निमंत्रणासाठी गेले चार दिवस मी अनेक घरी गेलो आणि सर्वांचे म्हणणे ऐकून घेतले. ते प्रथम आपणापुढे ठेवतो.

मातांची चिंता एकच होती : शिकवणीहून परतणाऱ्या मुलींच्या वाटेवर टवाळखोरांची गर्दी उभी राहील. निवृत्त मंडळींना रात्रीच्या खेळानंतर वाजणाऱ्या भोंग्यांची धास्ती वाटते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मात्र चार पैसे अधिक मिळण्याची आशा आहे. एका महाविद्यालयीन तरुणाने मलाच विचारले, "चित्रपटासाठी लातूरला जायचे आणि मध्यरात्री मोटारसायकलवर परतायचे, हे तुम्हाला चालते का?" आणि पावसाळ्यात आपल्या घरांतून धुणीभांडी करणारी, दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी एक भगिनी म्हणाली, "तुमच्या घरी मोठा टीव्ही हाय. आमच्या लेकरांनी मोठा पडदा कवा बघायचा?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

काही तरुण याहून पुढे गेले. "जागेवर फलक लागू द्या, रात्रीत उखडून टाकू," असे ते म्हणाले. त्यांच्याशीही मला आज बोलायचे आहे.

दोष पडद्याचा नव्हे

चित्रपट म्हणजे संस्कारांचा शत्रू, असे सरसकट म्हणणे इतिहासाला धरून नाही. १९१० च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या मनात विचार आला, की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील? त्या ध्यासापायी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. पत्नी सरस्वतीबाईंनी चित्रीकरणाच्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. स्वदेशीच्या चळवळीतला हा एक धागाच होता. पुढे १९३६ साली प्रभातने 'संत तुकाराम' काढला आणि वारकऱ्याच्या घरातील माणूसही चित्रपटगृहाची पायरी चढला.

आपल्या अंबाजोगाईला तर हे सांगण्याची आवश्यकताच नाही. दासोपंतांनी आपले 'पंचीकरण' ओव्यांसह आणि आकृत्यांसह चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर उतरवले. कापड तेच, त्यावर काय उमटवायचे हे करणाऱ्याच्या बुद्धीवर अवलंबून असते. तेव्हा चित्रपटगृह हवे की नको, यापेक्षा ते कोठे, कसे आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

एक जुनी चूक

मी स्वतःची एक चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी असताना आम्ही तरुणांनी अशाच एका प्रस्तावाला विरोध केला. दोन दिवसांत शेकडो स्वाक्षऱ्या जमवल्या. कागदावर काय लिहिले आहे, हे स्वाक्षरी करणाऱ्यांनी वाचले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हीही धड वाचले नव्हते. मालकाने माघार घेतली. आम्ही पेढे वाटले आणि घरी गेलो. दीड वर्षाने त्याच जागेवर दारूचे दुकान उघडले. त्या वेळी स्वाक्षऱ्या घेऊन फिरायला कोणी उरले नव्हते, मीही नव्हतो. ज्या माउलींनी आमच्या कागदावर अंगठे उमटवले होते, त्यांच्या दारावरून रोज सायंकाळी झिंगलेली माणसे जाऊ लागली. मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही, हे आम्हाला तेव्हा उमगले. नुसता नकार देऊन आपले कर्तव्य संपत नाही.

कायद्याने दिलेला आवाज

चित्रपटगृहाचा परवाना हा केवळ मालक आणि सरकार यांच्यातील व्यवहार नव्हे. तत्कालीन मुंबई राज्याने १९५३ साली यासाठी कायदा केला. जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे ठेवला आणि जनतेच्या हरकती ऐकण्याची तरतूद नियमांत केली.

१९५४ च्या नियमांखालील एक प्रकरण गुजरातेतील मेहमदाबादहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नव्या चित्रपटगृहाविरुद्ध गावातील जुन्या चित्रपटगृहाचे मालक उभे होते. १९७५ साली न्यायालयाने निर्णय दिला, की धंद्यात स्पर्धक येतो एवढ्याने कोणी पीडित ठरत नाही. मात्र नियोजित जागेपासून दोनशे यार्डांच्या आत राहणाऱ्यांचा आणि तेथील शाळा, मंदिर, मशीद अशा संस्थांशी संबंधित व्यक्तींचा न्यायालयाने वेगळा विचार केला, कारण प्रत्यक्ष झळ त्यांनाच बसू शकते. शेजाऱ्याची हरकत आणि धंदेवाल्याची हरकत यांत भेद आहे, तो असा. म्हणून आपल्या हातात स्वाक्षऱ्यांचा कागद आला, तर तो कोणी आणला आणि कोणाच्या लाभासाठी, हे आधी विचारा. मालकाची जात कोणती, पक्ष कोणता, अशी कुजबुजही माझ्या कानावर आली. तिला हरकतीच्या अर्जात स्थान नाही आणि आपल्या मनातही असू नये.

तरुण मित्रांनो, फलक उखडला की गुन्हा तुमच्यावर नोंदला जाईल आणि वसाहतीची न्याय्य बाजू तेथेच संपेल. जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आज लागू असलेले नियम वाचून काढा. त्याला अधिक धैर्य लागते.

खरी हरकत कोणती?

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जणांचे प्राण गेले. तळमजल्यावरील वाहनतळातल्या ट्रान्सफॉर्मरमधून आग लागली, धूर बाल्कनीत शिरला आणि अधिकच्या खुर्च्यांनी बाहेर पडण्याची वाट अडवली होती. दोन्ही मुले गमावलेल्या कृष्णमूर्ती दांपत्याने इतर पीडितांना संघटित करून वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवले. ती खुर्च्यांची रांग आधी कोणी पाहिली असती, तर? 'आमची मुले बिघडतील' या वाक्यावर अधिकारी काहीही करू शकत नाही; 'या जागेला दुसरा दरवाजा नाही' हे वाक्य त्याला टाळता येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. आपण पाच जणांची समिती करावी. त्यांत किमान दोन भगिनी असाव्यात. प्रस्तावाचा नकाशा मिळवून या गोष्टी तपासाव्यात : वाहने आवारातच उभी राहतील का, मुख्य दरवाजा शिकवणीच्या रस्त्याकडे आहे की हमरस्त्याकडे, आपत्तीत बाहेर पडण्याच्या वाटा किती, अग्निशमनाचा बंब आत वळू शकतो का, रात्रीचा अखेरचा खेळ कधी सुटेल. उत्तरे समाधानकारक नसतील तर कारणांसह लेखी हरकत घ्यावी, आणि ती ठामपणे घ्यावी. असतील तर मालकाला भेटून आणखी दोन गोष्टी मागाव्यात : मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळा आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी अल्प दरात सकाळचा खेळ.

उरला घराचा भाग. २०२४ पासून 'यूए' प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षे असे वयाचे टप्पे आले आहेत. ते वाचून मुलांना न्यायचे की नाही, हे आईवडिलांनीच ठरवायचे आहे. ज्या मुलाच्या हातात आपण रात्री अकरापर्यंत मोबाइल ठेवतो, त्याच्यासाठी चित्रपटगृहाची भीती बाळगणे थोडे विसंगत नाही का?

समितीसाठी नावे आजच द्यावीत. त्या भगिनीचे कुटुंब दसऱ्यानंतर कारखान्यावर जाईल. त्यापूर्वी तिलाही बैठकीस बोलवावे, कारण वसाहतीच्या नकाशात तिची झोपडी नसली, तरी त्या जागेपासून तीही दोनशे यार्डांच्या आतच आहे.