दुकानाचे पान आणि वाणिज्याचे मास्तर

ओसी (वाणिज्य संघटन), एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती), बीके (पुस्तपालन) अशा आद्याक्षरांनीच एकमेकांना ओळखणाऱ्या माझ्या वाणिज्य शिक्षक बंधुभगिनींनो,

अध्यक्षाने शैक्षणिक धोरणावर बोलायचे, शासनाला चार शब्द सुनवायचे आणि जेवणाची वेळ झाली की खाली बसायचे, असा आपल्या अधिवेशनांचा शिरस्ता आहे. यातले जेवणाच्या वेळेचे कलम मी पाळणार आहे. बाकी वेळात मला वेब डिझाइनच्या सॉफ्टवेअरविषयी बोलायचे आहे. हा विषय निघाला की स्टाफरूममध्ये आपण "ते आयटीवाल्यांचं" म्हणतो आणि पेपर तपासायला घेतो.

यंत्र शिकवणे आपल्याला नवे नाही. टंकलेखन आणि लघुलेखन यांच्या आधारावरच महाराष्ट्रातल्या किती तरी वाणिज्य पदवीधरांना पहिली नोकरी लागली. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र काढले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबवले. म्हणजे ज्याने पासष्ट साली त्या कळांवर बोटे बसवली, त्याला निवृत्तीपर्यंत दुसरे काही शिकावे लागले नाही. आपली शिकण्याची सवय त्या काळात घडली. एकदा शिकायचे, आयुष्यभर शिकवायचे.

वेबच्या अवजारांचे आयुष्य तसे नाही. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली व्हर्मीर नावाची छोटी कंपनी विकत घेऊन फ्रंटपेज आणले आणि २००३च्या आवृत्तीनंतर ते गुंडाळले. ड्रीमविव्हर १९९७ साली मॅक्रोमीडियाने काढले, २००५ साली मॅक्रोमीडियालाच अडोबीने घेतले. त्याच घरातल्या फ्लॅशचा कारभार ३१ डिसेंबर २०२० रोजी आटोपला. कोड न लिहिता संकेतस्थळ करा म्हणून गाजावाजा झालेले म्यूज तर त्याआधीच मिटले. अशा प्रत्येक सॉफ्टवेअरच्या कार्यशाळा आपण केल्या, प्रमाणपत्रे घेतली, ती सेवापुस्तकात लावली. कुठल्या मेनूत काय आहे एवढेच ज्याने पाठ केले, त्याच्या हाती ते प्रमाणपत्र तेवढे उरले.

याउलट, टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्नमध्ये लोकांसमोर ठेवलेले पहिले संकेतस्थळ ज्या खुणांनी लिहिले होते, त्या शीर्षकाच्या, परिच्छेदाच्या आणि दुव्याच्या खुणा आजच्या कुठल्याही मोबाइलवर चालतात. मांडणी मजकुरापासून वेगळी ठेवायची ही सीएसएसची कल्पना १९९६ साली प्रमाण झाली, ती आजही पाया आहे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: वाणिज्याच्या शिक्षकाने सुरुवात नोटपॅडपासून करावी. दोन पाने हाताने एचटीएमएलमध्ये, म्हणजे त्याच खुणांनी, लिहावीत, त्यांना सीएसएसचे कपडे चढवावेत आणि मगच वर्डप्रेसकडे वळावे. वर्डप्रेस २००३ पासून टिकले आहे, फुकट आहे, आणि विद्यार्थ्याला उद्या कामही त्यातच मिळण्याची शक्यता जास्त. कॅनव्हावर आधी हात बसला, तर पान सुंदर होते. ते तसे का झाले हे मात्र कळत नाही.

आपली खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल प्रशिक्षणवर्गात कोणी बोलत नाही. आपले डोळे कागदावर तयार झाले आहेत. टंकलेखनाच्या वर्गात शीर्षक मध्यावर आणायचे गणित आपण केले आहे: ओळीतल्या एकूण जागांमधून शीर्षकाची अक्षरे वजा करायची, उरलेल्यांना दोनाने भागायचे, तितक्या वेळा स्पेसबार दाबायचा. तोच हात वर्डमध्ये आला आणि तोच हात एचटीएमएलमध्ये येतो. तिथे ब्राउझर वीस मोकळ्या जागांची एक करून टाकतो, आणि मास्तर म्हणतात, संगणक बिघडला. इथे मध्यावर आणायला एक ओळ लागते, पण त्यासाठी "हे शीर्षक आहे" असे आधी सांगावे लागते. अक्षर ठळक आणि मोठे केले म्हणजे शीर्षक झाले, ही समजूत सोडणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट, पानाला रुंदीच नसते. ईथन मार्कोट यांनी २०१० साली प्रतिसादी मांडणीची कल्पना मांडली, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाने स्वतःला आवरायचे. आपल्यासारख्या रोजकीर्दीचे रकाने आखत वाढलेल्या माणसांना हे पचत नाही. फ्रंटपेजच्या जमान्यात सगळे पानच तक्त्यात बसवत, तेव्हा आपल्याला माहेरी आल्यासारखे वाटे. आता तक्ता दरपत्रकापुरता ठेवायचा. आणि पान प्रयोगशाळेतल्या मोठ्या पडद्यावर पाहून कधीही पसंत करायचे नाही, गिऱ्हाईक ते एसटीत बसून मोबाइलवर पाहणार आहे.

मराठीच्या बाबतीत तर शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून बसावे. जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये केलेले माहितीपत्रक तसेच उचलून पानावर टाकले, की पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा काला होतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवावे, कारण ती नोंद असली की सोय असलेला फाँट ल आणि श हिंदी वळणाचे न दाखवता आपल्या वळणाचे दाखवतो. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजी टेम्पलेटांना फार हौस. ती सेटिंग तशीच राहिली तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन भिडतो. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्त आणि बलू हे फाँट फुकट मिळतात आणि या कामाला उत्तम आहेत. हे सारे अर्ध्या तासात शिकवता येते. तरी सॉफ्टवेअरच्या वर्गांत यातले काही सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. हे काम आयटीच्या शिक्षकावर सोडून का भागणार नाही?

पुणेरी पाटीवर "आमची कोठेही शाखा नाही" असे असते. आपण हसतो, पण त्या चार शब्दांत व्यवसायाची व्याप्ती आणि नक्कल करणाऱ्यांना दिलेली ताकीद असे दोन्ही येते. आता आपल्या गावातल्या एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ उघडून पाहा. हस्तांदोलन करणाऱ्या दोन परदेशी माणसांचे छायाचित्र असते, गुणवत्तेवरच्या निष्ठेविषयी इंग्रजी परिच्छेद असतो. दुकान किती वाजता उघडते ते नसते, पत्ता नसतो. हे पान डिझायनरने केलेले असते. त्याला धंद्याचा कागद कसा असतो हे कोणी शिकवलेलेच नसते, आणि आपण ते एसपीच्या तासाला वर्षानुवर्षे शिकवत आलो.

पत्रशीर्षावर काय असावे हे आपण फळ्यावर लिहून देतो. कंपनीच्या संकेतस्थळाबाबत २०१४च्या कंपनी स्थापना नियमांत तेच आहे: मुखपृष्ठावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, दूरध्वनी, ईमेल आणि चौकशीसाठी संपर्क साधायच्या व्यक्तीचे नाव. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी २०२०चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क पानावर हवा, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. ग्राहकाची संमती आधीच टिक केलेल्या चौकटीतून घेता येत नाही. पॅकबंद मालाची कमाल किरकोळ किंमत आणि निव्वळ वजन ऑनलाइन दाखवण्याचे बंधन १ जानेवारी २०१८ पासून आहे.

आणि ३० नोव्हेंबर २०२३ची मार्गदर्शक तत्त्वे तर ओसीच्या प्रत्येक शिक्षकाने छापून भिंतीला लावावीत. ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार त्यांत दिले आहेत. "दोनच शिल्लक" अशी खोटी घाई करणे. न मागितलेली वस्तू किंवा देणगी हळूच टोपलीत घालणे. शेवटच्या पडद्यावर भलतेच शुल्क वाढवणे. "नको, मला कुटुंबाच्या सुरक्षिततेची पर्वा नाही" असे बटण ठेवून माणसाला लाजवणे. वर्गणी एका टिचकीत घ्यायची आणि बंद करायला सात दारे ठेवायची. यातली एकही गोष्ट मजकुराच्या कोपऱ्यात दडवलेल्या अटीसारखी नाही. हे सगळे डिझाइनमध्ये आहे: बटणाच्या रंगात, आकारात, जागेत. उलट्या मोजणीचे घड्याळ पानावर कसे बसवायचे, हे आयटीचा विद्यार्थी पाच मिनिटांत सांगेल. घड्याळ शून्यावर आले की पुढे काय होते, हा प्रश्न आपण विचारायचा. पुष्कळदा पान पुन्हा उघडले की तेच घड्याळ नव्याने सुरू होते. बारावीच्या ओसीच्या पुस्तकात ग्राहक संरक्षणाचा धडा आहे. तो शिकवणाऱ्याला ही खोटी घाई पडद्यावर ओळखता आली नाही, तर धडा जत्रेतल्या वजनकाट्यापाशीच थांबला म्हणायचा. आणि ओळखायची, तर ती कशी करतात हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहायला हवे. मी सॉफ्टवेअर शिका म्हणतो ते यासाठी.

अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात वेब डिझाइन आहेच, वाणिज्यासाठी जीएनयूखाता हे हिशेबाचे सॉफ्टवेअरही आहे. ओसी-एसपीच्या प्रकल्पाला मात्र अजून रंगीत कागद आणि चिकटवलेली कात्रणे चालतात. माझी सूचना अशी. प्रत्येक विद्यार्थ्याने ओळखीच्या एका खऱ्या व्यवसायाचे एकच पान करावे. पिठाची गिरणी, आईचे शिवणकाम, बचत गटाचे पापड, काहीही चालेल. मालकाशी बसून दर विचारावेत, वेळा विचाराव्यात, उधारीबद्दलचे त्यांचे धोरणही विचारावे. पापड असतील तर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे का, हे त्या बाईंना विचारताना मुलाला उद्योजकतेचे जे कळेल ते माझ्या व्याख्यानातून कळत नाही. छायाचित्रे मोबाइलमधून काढलेली असावीत, पण ती जशीच्या तशी चढवू नयेत. चार-पाच एमबीचा फोटो गिऱ्हाइकाचा डेटा खातो. तो दोनशे केबीच्या आत आणणे हेही शिकवायचे.

विभागीय प्रशिक्षणात आयटीच्या आणि वाणिज्याच्या शिक्षकांना एका संगणकावर जोडीने बसवावे, असा ठराव आज खुल्या अधिवेशनात येत आहे. त्याला माझा पाठिंबा आहे. त्यात एक दुरुस्ती सुचवतो. प्रशिक्षण उन्हाळी सुट्टीतल्या सलग पाच दिवसांचे नको, वर्षभर महिन्यातून एक शनिवार असावे, कारण मधल्या दिवसांत हात चालला नाही तर काहीच बसत नाही, हे टायपिंगच्या बाबतीत आपणच विद्यार्थ्यांना सांगत आलो.

वीस गुणांच्या प्रकल्पाची विभागणीही मी मांडून ठेवली आहे. आठ गुण माहिती खरी आणि पुरी असण्याला, चार कायद्याने लागणाऱ्या नोंदींना, तीन मोबाइलवर नीट दिसण्याला, तीन शुद्ध मराठीला. रंगसंगतीला दोनच. त्या दोन गुणांवरून चित्रकलेची आवड असलेली मंडळी दुपारच्या सत्रात माझ्याशी भांडणार आहेत, असे चहाच्या वेळी कळले आहे. भांडायला मी पहिल्या रांगेतच बसणार आहे.