माया आणि मान्यता : विशेष शिक्षिकांच्या संघटनेची गोष्ट

(स्त्री कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, किंचित संपादित करून.)

संघटना कशी उभी राहते ते सांगायला मला बोलावलं आहे. पण जिच्याविषयी बोलणार, त्या संघटनेची मी सभासद नाही. ती सोलापूर जिल्ह्यातल्या विशेष शिक्षिकांची आहे, आणि मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, महिला सल्ला केंद्रात काम करणारी बाई. पहिल्या दिवसापासून त्यांच्यासोबत आहे इतकंच. घटनेचा पहिला मसुदा माझ्या हातचा, आणि त्यातली सगळ्यांत मोठी चूकही माझीच. तिच्याकडे येतेच.

विशेष शिक्षिका नेमकं काय करते, हे मलाही आधी नीट माहीत नव्हतं. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना त्या शिकवतात. एक उदाहरण देते. मुलाला शर्टाची गुंडी लावायला शिकवायचं आहे. आपण काय करू? पहिल्यापासून सुरुवात करू, मूल कंटाळेल, आपण चिडू आणि शेवटी स्वतःच गुंडी लावून मोकळ्या होऊ. त्या उलटीकडून सुरू करतात. गुंडी काजातून अर्धी घालून देतात, मुलाने फक्त ओढायची. तेवढं जमलं की एक पायरी मागे. म्हणजे दर वेळी काम पुरं केल्याचा आनंद मुलाला मिळतो. एका गुंडीला कधी दोन महिने लागतात, आणि प्रत्येक पायरीची वहीत नोंद असते. हे शास्त्र आहे, शिकावं लागतं.

आणि लोक काय म्हणतात? “किती माया हो तुमची! पुण्याचं काम करता.”

या मायेचा इतिहास बघा. मुंबईत जय वकील यांनी १९४४ साली शाळा काढली ती स्वतःच्या मुलीसाठी. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, तीही मुलीसाठीच. पुण्यात सिंधूताई जोशींनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ काढली. सरकार पुष्कळ नंतर आलं. या बायकांनी केवढं मोठं काम उभं केलं! पण हे काम आयांनी सुरू केलं, म्हणून त्याचा मोबदलाही आईच्या कामासारखाच ठरला. म्हणजे जवळजवळ काही नाही.

आमची सुरुवात २०१७ सालची. अक्कलकोट तालुक्यात गावोगावच्या शाळांत फिरून शिकवणारी एक शिक्षिका सल्ला केंद्रात आली. नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर, सातवा महिना चालू होता, आणि या वेळी करार पुढे चालू करणार नाही असं तिला तोंडी सांगितलं होतं. मी तिच्याबरोबर कार्यालयात गेले. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार स्त्रियांनाही प्रसूतीचे लाभ द्यावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजीच दिलेला आहे. त्याची प्रत मी पुढे केली. साहेबांनी ती वाचली नाही. म्हणाले, “मॅडम, मुलंच तर सांभाळायची आहेत. दुसरी कुणी बघू.”

बाहेर आल्यावर ती बाई रडली नाही. म्हणाली, “ताई, ‘दुसरी कुणी’ या शब्दानं माझी नोकरी गेली. माझ्या कामाला नावच नाही.”

त्या रविवारी आम्ही सातजणी एका शाळेच्या ओट्यावर बसलो. बार्शी, मंगळवेढा, मोहोळहून आलेल्या. एसटीचा खर्च ज्याचा त्याने. बऱ्याच जणी एकमेकींना पहिल्यांदा भेटत होत्या, कारण प्रत्येकीच्या तालुक्यात त्या एकट्याच. तीन तास नुसत्या बोलत होत्या. एकीचं सहा महिन्यांचं मानधन थकलेलं, एकीला शाळेत बसायला खुर्ची नाही, एकीला निवडणुकीच्या याद्यांचं काम. तिथेच ठरलं, नोंदणी करायची.

मसुदा लिहायला मी बसले. सभासद कोण? मी लिहिलं : ‘भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली शिक्षिका.’ मला ते अगदी बरोबर वाटलं. परिषदेचा कायदा १९९२ चा, १९९३ पासून लागू. त्याच्या तेराव्या कलमानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘दुसरी कुणी’ म्हणणाऱ्याच्या तोंडावर मारायला याहून चांगला कागद कुठला?

पहिल्या मोठ्या सभेला एका निवासी शाळेतल्या मावशी आल्या होत्या. शिक्षण सातवी, काळजीवाहक म्हणून अठरा वर्षं मुलींसोबत. सभासदत्वाचे फॉर्म वाटायला घेतले, आणि त्या गुपचूप उठून चहाचे कप गोळा करू लागल्या. मी पाहिलं, आणि पुढे बोलत राहिले.

वर्षभराने आम्ही प्रशिक्षण ठेवलं : मुलींना पाळीची स्वच्छता कशी शिकवायची. इथे थोडं थांबते. तुमच्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना फेब्रुवारी १९९४ आठवत असेल. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. (‘मतिमंद’ हा तेव्हाचा शब्द. आता आपण तो वापरत नाही.) कारण काय दिलं? या मुलींना पाळी सांभाळता येत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबलं. मी हे पुढे अभ्यासक्रमात वाचलं. वाचताना मनात आलं होतं : या मुलींना हे शिकवता येतं, असं अधिकाराने सांगणाऱ्या बाईचा आवाज त्या वेळी कुणी ऐकला असता तर?

तर त्या प्रशिक्षणात नोंदणीवाल्या शिक्षिकांनी चांगले तक्ते आणले होते. पण एकीने विचारलं, “पॅड वाकडं लावते, सरकतं, मग काय करायचं?” तक्त्यात उत्तर नव्हतं. मागून मावशी म्हणाल्या, “चड्डीवर पॅडच्या आकाराचा दोरा घालायचा रंगीत. त्या रेघेत बसवायला सांगायचं. आणि पाळी नसताना सराव घ्यायचा, तेव्हा मुलगी घाबरलेली नसते.” अठरा वर्षांत किती मुलींना शिकवलं याचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता.

ज्या बाईचा आवाज मी शोधत होते, तिला मीच कप उचलायला पाठवलं होतं.

घटना बदलायचं ठरवलं तेव्हा भांडण झालं. मोठं झालं. नोंदणीवाल्या काही जणींचं म्हणणं होतं, “आम्ही बारावीनंतर दोन वर्षं डी.एड. केलं, कर्ज काढलं. उद्या सरकार म्हणेल, सातवी पासवाली चालते, तर तुम्हाला पगार कशाला?” मैत्रिणींनो, हे खोटं नव्हतं. कमी पैशात बाई मिळते म्हटल्यावर शिकलेली बाई काढतात, हे आपण सगळ्या क्षेत्रांत पाहिलं आहे. चार सभा झाल्या. नऊजणी सोडून गेल्या, त्यांतल्या तिघी पुढे परतल्या.

शेवटी ठरलं ते असं. या मुलांबरोबर रोज काम करणारी प्रत्येक बाई सभासद, प्रत्येकीला एक मत. ‘विशेष शिक्षिका’ हे पद मात्र नोंदणीवालीचंच. तिथे तडजोड नाही. ज्यांची बारावी झाली आहे त्यांना डी.एड.साठी मदत. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्या अनुभवाची लेखी नोंद संघटना करणार. मावशी आज कार्यकारिणीवर आहेत.

आता जमाखर्च. जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत सभासद आहेत. थकलेलं मानधन बऱ्याच ठिकाणी सुटलं, कारण आता अर्ज एकीचा नसतो. अक्कलकोटच्या शिक्षिकेचा करार पुढच्या वर्षी झाला, बुडालेले पैसे मात्र आजवर मिळाले नाहीत. विशेष शिक्षकांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्र सरकारला प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि प्राथमिकला दहा आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा अशा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण केंद्राने २०२२ मध्ये जाहीर केलं. पदं जाहीर करा असं राज्यांना मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावावं लागलं, यावरून काय ते समजा.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आशा, अंगणवाडी, घरकामगार अशा तुमच्या संघटनांची घटना परत गेलात की काढून वाचा. सभासद कोण, ते कलम वाचा. आणि पुढच्या सभेत फॉर्म वाटले जातील तेव्हा कप कोण गोळा करतंय, ते बघा.