वापरलेल्या नौकेची पारख



रायपूरला समुद्र नाही. पण रायपूरचे पाणी समुद्राला जाते. खारून शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी ओडिशात पारादीपजवळ बंगालच्या उपसागरात विलीन होते. या प्रवाहाच्या टोकाशी जे जग सुरू होते त्याची थोडी ओळख करून देणे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. विषय आहे महासागर ओलांडणारी शिडाची नौका. आणि तीही कोरी नव्हे, तर वापरलेली. साठ वर्षे अखंड वापरात असलेल्या शाळेच्या हीरक महोत्सवात हा विषय अस्थानी ठरू नये.

किनाऱ्यालगत विहार करणारी नौका आणि महासागरात जाणारी नौका यांत मोठे अंतर आहे. पहिली सकाळी निघते आणि संध्याकाळी बंदरात परतते. दुसरीला कित्येक आठवडे जमीन दिसत नाही. पाणी, शिधा, औषधे, सुटे भाग, अवजारे, सर्व काही तिला स्वतःच्या पोटात वागवावे लागते आणि वादळात सापडल्यास साहाय्याला कोणी येईल असे गृहीत धरता येत नाही. अशी नवी नौका सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणूनच सागरभ्रमणाची आस असलेली अनेक कुटुंबे दुसऱ्याने वापरलेली नौका घेतात. ही तडजोड आहे असे वरवर वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला भारतीय मान ‘तृष्णा’ या नौकेकडे जातो. ही अवघी ३७ फुटांची नौका भूदलाच्या इंजिनिअर्स कोरने इंग्लंडमध्ये विकत घेतली, तेव्हा ती वापरलेलीच होती. २८ सप्टेंबर १९८५ रोजी कर्नल टी. पी. एस. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली ती मुंबईहून निघाली आणि जगाला वळसा घालून १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईस परतली.

दुसरे उदाहरण तर मुंबईच्या कारागिरांच्या हातचे आहे. ‘सुहेली’ ही ३२ फुटांची नौका सागवानी लाकडातून मुंबईत बांधली गेली आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून इंग्लंडला गेले. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा १९६८ मध्ये जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या मनात मोठी, नवी, पोलादी नौका बांधण्याचे होते. त्यासाठी सुहेली विकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. पैसा उभा राहिला नाही, आणि जुन्या सुहेलीतूनच जाण्याचा निर्णय त्यांना घ्यावा लागला. वाटेत तिच्या तळाच्या फटींतून पाणी आत येऊ लागले. त्यांनी समुद्रात बुडी मारून त्या फटींत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. पुढे रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा राखणारी यंत्रणाही मोडली. तरीही ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी ते इंग्लंडला परतले. स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांपैकी प्रवास पूर्ण करणारे ते एकटेच होते. जी नौका विकून टाकायची होती, तीच जगात पहिली ठरली. मालकाला तिचा प्रत्येक सांधा ठाऊक होता, हे त्या यशामागचे एक मोठे कारण होय.

मग अशी नौका पारखावी कशी? या पारखीचे शास्त्र रोचक आहे. रंग, पडदे, गाद्या यांवर जाणकार भुलत नाही. तो नौका प्रथम पाण्याबाहेर काढायला लावतो, कारण खरे दोष पाण्याखाली दडलेले असतात. बाजारात माठ घेताना गृहिणी त्यावर टिचकी मारून आवाज ऐकते. तसाच तो फायबरग्लासच्या कायेवर लहान हातोडी हलकेच वाजवत फिरतो. खणखणीत नाद आला तर थर एकजीव आहेत; बद्द आवाज आला तर आत पोकळी किंवा ओल असण्याचा संभव असतो. त्वचेवर यावेत तसे तळावर आलेले बारीक फोडही पाणी आत मुरल्याचे सांगतात. त्यानंतर तळकणा पाहायचा. तळकण्याचे शिसे वा लोखंड नौकेला कलंडू देत नाही, आणि ते ज्या बोल्टांनी जोडलेले असते त्यांना गंज लागला असेल तर बाकीची शोभा व्यर्थ होय. मग सुकाणू, आणि डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा. तारा वरून चकचकीत दिसतात, पण टोकांशी आतून झिजतात; म्हणून साधारण दहा वर्षांनी त्या बदलाव्यात असा संकेत आहे.

ही तपासणी करणारा सर्वेक्षक खरेदीदाराने स्वतः नेमावा, विकणाऱ्याच्या शिफारशीवर विसंबू नये, हा या व्यवहारातील पहिला नियम. दुसरा नियम असा, की सारी पुंजी खरेदीतच संपवू नये. दुरुस्तीसाठी भरीव रक्कम राखून ठेवावी. तिसरी गोष्ट नियमाहून मोलाची आहे. जुन्या मालकाने ठेवलेली नोंदवही मागून घ्यावी. तारा कधी बदलल्या, इंजिनाचे तेल कधी बदलले, कोणत्या वादळात काय मोडले आणि ते कसे सांधले, हे ज्या वहीत प्रामाणिकपणे लिहिलेले असते, तिची नौका एकही ओरखडा नसलेल्या पण वही नसलेल्या नौकेपेक्षा अधिक विश्वासार्ह समजावी. ज्याच्या दुरुस्त्यांची नोंद आहे, त्याची कोणीतरी काळजी घेतलेली असते.

‘आरामदायी’ या शब्दाचा अर्थही समुद्रावर बदलतो. बंदरात उभ्या नौकेत रुंद पलंग आणि ऐसपैस दिवाणखाना सुखावह वाटतात; तीच नौका लाटांवर हेलकावू लागली की त्या मोकळ्या जागेत माणूस आपटतो. खोल समुद्रावरची शय्या अरुंद असते आणि झोपलेला माणूस गडगडू नये म्हणून तिला कडेने कापडी आडोसा बांधलेला असतो. स्वयंपाकाची जागा इतकी आटोपशीर असते की पाठ टेकवून उभे राहता यावे. चूल अशी टांगलेली असते की नौका कललेली असतानाही पातेले सपाट राहावे. चालताना हाताशी सदैव धरायला काही असावे लागते. थोडक्यात, वादळी रात्री दोन घास शिजवता आले आणि दोन तास झोप लागली, तर ती नौका आरामदायी. मुलांसाठी सुखसोयी जमवताना पालकांनी क्षणभर विचारात घ्यावी अशी ही व्याख्या आहे.

मराठी माणसाने या क्षेत्रात घडवलेला अध्याय अलीकडचा आहे. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी हे साताऱ्याजवळील फलटण तालुक्यात विंचुर्णी येथे राहत. एका भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांची. ती अंगावर घेतली नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादई’ आकाराला आली. म्हादई हे मांडवी नदीचे उगमाकडील नाव. दोंदे यांनी नौकेच्या बांधणीवर जातीने देखरेख केली आणि २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबे घेत प्रदक्षिणा पूर्ण केली.

परंतु म्हादईची खरी थोरवी त्यानंतरची आहे. पहिल्या विक्रमानंतर ती संग्रहालयात गेली नाही. २०१२-१३ मध्ये, म्हणजे वापरलेल्या अवस्थेत, तिच्यातूनच अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली. पुढे नौदलातील तरुण महिला अधिकारी याच नौकेवर शिडे हाताळण्यास शिकल्या. त्यांतील सहा जणींनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली म्हादईच्या धाकट्या बहिणीतून, गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’तून, १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात जगप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्ती करून त्या पुढे निघाल्या. दुरुस्तीसाठी थांबण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. सात वर्षे जुनी झालेली तीच तारिणी २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना घेऊन पुन्हा निघाली आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतली. दुसऱ्या खेपेस सहांऐवजी दोघीच होत्या. नौका मात्र ओळखीची होती.

श्रोतेहो, साठ वर्षांच्या शाळेकडे पाहणाऱ्याच्या मनातही खरेदीदाराचाच प्रश्न असतो: जुने घ्यावे की नवे कोरे? महाराष्ट्राबाहेर, हिंदी भाषिक नगरात, मराठी माध्यमाची शाळा निवडताना पालकांना हा प्रश्न अधिकच टोचतो, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्यांनी भिंतींच्या रंगावरून उत्तर काढू नये, एवढीच विनंती. वर्गात बसून अध्यापन ऐकावे, वह्या चाळाव्यात, काय मोडले होते आणि ते कसे सांधले हे निःसंकोच विचारावे. जुन्या वास्तूचे वय हा तिचा गुण नव्हे. तिची निगा हा गुण. निगा थांबली तर साठ वर्षांची पुण्याईही गंजलेल्या बोल्टासारखी एके दिवशी दगा देईल.

आणि माजी विद्यार्थ्यांनी इतके ध्यानी घ्यावे, की ज्या दाखल-खारीज नोंदवहीत त्यांची नावे आहेत, तिच्यात अजून कोरी पाने शिल्लक आहेत. म्हादईला दोंदे यांच्यानंतर टॉमी मिळाले, टॉमींच्या नंतर त्या सहा जणी मिळाल्या. नौका पुढच्या हातांत सुस्थितीत जावी, ही जबाबदारी आधीच्या हातांची असते.