अध्यक्ष बदलले की विहाराचे काय होते?

(विहाराच्या वर्धापन दिनी कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापन दिन म्हटला की विहार कसे उभे राहिले, पत्रे कुणी दिले, वाळूची गाडी कुणी आणली, पहिली मूर्ती कुठून आली, हे सांगण्याची रीत आहे. ते सांगणारे आज आपल्यात बरेच आहेत आणि या स्मरणिकेतही ते इतरत्र आलेले आहे. आम्ही आज जरा वेगळा विषय घेतो आहोत. येत्या सर्वसाधारण सभेत आपले अध्यक्ष पदावरून मोकळे होत आहेत. प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी स्वतःच तसे लिहून दिले आहे. ही बातमी वस्तीत पसरल्यापासून दोन प्रश्न आमच्या कानावर येत आहेत. एक मोठ्याने विचारला जातो, "आता पुढचा कोण?" दुसरा जरा हळू आवाजात, "आता विहाराचं काय?" पहिल्याचे उत्तर सभा देईल. दुसऱ्याबद्दल आज थोडे बोलू.

हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर थोड्याच काळात तो विचारला गेला. मज्झिम निकायातल्या गोपक-मोग्गल्लान सुत्तात ती हकिगत आहे. आनंद स्थविर तेव्हा राजगृहाच्या वेळुवनात राहत होते. मगधाचा महामात्य वस्सकार त्यांना भेटला आणि त्याने सरळ विचारले, की भगवंतांनी आपल्या पश्चात कुणाला नेमले आहे काय? आनंद म्हणाले, नाही. मग संघाने तरी कुणाला निवडले आहे काय? तेही नाही. वस्सकार हा राज्यकारभारात मुरलेला माणूस. ज्या संस्थेला मुख्य नाही ती आज ना उद्या मोडणार, हा त्याचा हिशेब. त्यावर आनंदांनी जे सांगितले ते फार व्यवहाराचे आहे. एका गावाच्या हद्दीत राहणारे आम्ही सगळे भिक्खू उपोसथाच्या दिवशी एकत्र जमतो. ज्याला पातिमोक्ख येतो त्याला तो म्हणावयास सांगतो. म्हणत असताना कुणाचा दोष निघाला तर धम्माप्रमाणे, शिकवल्याप्रमाणे त्याचा निवाडा करतो.

बघा, यात अवघड असे काय आहे? ठरल्या दिवशी जमायचे, नियम सर्वांसमक्ष म्हणायचे आणि दोष निघालाच तर माणूस बघून नव्हे, नियम बघून वागायचे. म्हणून मोठा माणूस नकोच असेही नाही बरं का. त्याच सुत्तात आनंद सांगतात की ज्याच्या अंगी अमुक दहा गुण दिसतात त्याचा आम्ही मान राखतो, त्याच्या आधाराने राहतो. म्हणजे मान आहे, पण तो खुर्चीला नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात वारसदार न नेमण्याचा हा मुद्दा आवर्जून घेतला आहे. ज्यांनी वर्षावासात पूर्ण वाचन ऐकले त्यांना तो आठवत असेल.

याच वस्सकाराची आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या मते प्रत्येक मंडळाच्या कार्यालयात सांगितली पाहिजे. भगवंत हयात असताना राजा अजातशत्रूने त्याला वज्जींबद्दल विचारायला पाठवले होते. वज्जींवर स्वारी करायची होती ना! भगवंतांनी सांगितले की वज्जी लोक जोवर वरचेवर सभा घेतात, एकत्र जमतात, एकत्र उठतात आणि एकत्र कामे करतात, तोवर त्यांची हानी व्हायची नाही. पुढचे अट्ठकथेत आहे. वस्सकार राजाशी भांडण झाल्याचे सोंग करून वेसालीत शिरला आणि लिच्छवींचा आचार्य होऊन बसला. मग तो एखाद्या लिच्छवीला बाजूला घेई आणि कानाशी लागून विचारी, "लोक शेत नांगरतात ना?" तो म्हणे, "हो, दोन बैल जुंपून." झाले, एवढेच! पण दुसरा पाहत असे. तो विचारी, "आचार्य काय म्हणाले रे?" पहिला खरे तेच सांगे आणि दुसऱ्याचा विश्वास बसत नसे. एवढ्यासाठी कुणी कुणाला बाजूला घेते का? काहीतरी लपवतोय. अशी तीन वर्षे गेली. मग शत्रू चालून आला, सभेची भेरी वाजली, तेव्हा लोक म्हणाले, जे श्रीमंत असतील, जे शूर असतील त्यांनी जमावे, आम्ही कशाला? कुणीच आले नाही. एवढे बलाढ्य गणराज्य, दोन बैलांच्या गोष्टीने गेले.

आपल्याकडे यासाठी मगधाहून कुणाला यावे लागत नाही. जिन्याखाली दोघे बोलत उभे असले तरी पुरते! "खजिनदार आणि सेक्रेटरी काय बोलत होते रे काल?" आणि सभेची नोटीस फळ्यावर लागली की, "कमिटीवाले आहेत ना, ते बघतील." हे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा वाईट. कुजबुज करणारा निदान विहाराकडे लक्ष तरी ठेवून असतो.

प्राचीन काळ सोडून अलीकडे येऊ. अनागारिक धर्मपाल १८९१ मध्ये बोधगयेस आले, महाविहाराची अवस्था पाहिली आणि त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी काढली. संस्था म्हणजे ते आणि ते म्हणजे संस्था, अशी स्थिती. पैशाचा मोठा भार होनोलुलूच्या मेरी फॉस्टर या एका दानशूर बाईंवर होता. एक नेता आणि एक दाता, यावर उभी असलेली संस्था त्यांच्यामागे किती दिवस टिकावी? फॉस्टर बाई १९३० मध्ये गेल्या. २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथला धर्मपालही गेले. ज्या कामासाठी आयुष्य वेचले ते, बोधगयेचे महाविहार बौद्धांच्या हाती येण्याचे, तेव्हा झालेले नव्हते. पण त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. देवप्रिय वलीसिंह नावाचा मुलगा त्यांनी लहानपणापासून आपल्या हाताखाली तयार केला होता. शिकवले, पत्रव्यवहारात घातले, परदेशच्या कामावर धाडले. धर्मपाल गेले तेव्हा वलीसिंहांना कपाट कुठले आणि किल्ली कुठली हे विचारावे लागले नाही. पुढे १९६८ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, त्यांनी सरचिटणीसपद सांभाळले. बोधगयेचा कायदा १९४९ मध्ये झाला आणि १९५३ मध्ये व्यवस्था नव्या समितीकडे आली. त्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू, म्हणून तो लढा अजून संपलेला नाही, हे आपण जाणताच. हेच वलीसिंह १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर हजर होते.

आणि आता आपलीच गोष्ट. १४ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर, दिवस मोजा. त्रेपन्न! धर्म दिला आणि देणारा त्रेपन्न दिवसांत गेला. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षेचा सोहळा ठरलेला होता, त्याच्या दहा दिवस आधी. त्या वेळी वस्त्यांत विहार नव्हते, भन्ते नव्हते, पाली भाषा कुणाला ठाऊक नव्हती. जाणकारांनी तेव्हा हेच म्हटले असेल, की आता हे संपले. पण संपले नाही. का?

आमच्या समजुतीप्रमाणे त्याची कारणे दोन. बाबासाहेबांनी हाताशी येईल असे काही करून ठेवले होते. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन झालेली होती. घराघरांत वंदना करता यावी म्हणून 'बौद्ध पूजापाठ' ही छोटी पुस्तिका त्यांनी १९५६ मध्येच तयार केली होती. त्यांच्या पश्चात महासभेची धुरा भय्यासाहेबांनी घेतली आणि १९७७ पर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत, वाहिली. ही एक बाजू झाली. दुसरी बाजू म्हणजे आपल्या आज्या. हो, आज्याच! गिरणीत, खडीवर, बंदरावर, म्युनिसिपालटीत राबणाऱ्या माणसांच्या बायका. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी ऐकून ऐकून त्रिसरण-पंचशील पाठ केले. ओट्यावर पाट मांडला, त्यावर दोन फोटो ठेवले, मेणबत्ती लावली, पोरे गोळा केली आणि विहार सुरू झाले. त्यांना कुणी पत्र पाठवले नव्हते, पद दिले नव्हते. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष निघाला, पुढे त्याचे किती गट झाले ते सांगण्याची ही जागा नव्हे. पक्ष फुटला, पण ओट्यावरची वंदना फुटली नाही. कारण ती चालवायला कुणा एकाची सही लागत नव्हती.

आज मात्र सही लागते. नोंदणीकृत संस्था म्हटली की ती आलीच, आणि याबाबत वस्तीत फार गैरसमज आहेत म्हणून थोडे सांगतो. आपले विहार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले आहे. सभेत हात वर करून, हार घालून अध्यक्ष बदलले म्हणजे काम संपले असे नाही. विश्वस्त बदलला की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला आपण सगळे चेंज रिपोर्ट म्हणतो. त्यासोबत सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या आणि ठरावाची नक्कल लागते. बँकही खात्यावरच्या सह्या बदलताना हीच कागदपत्रे मागते. हजेरीच्या वहीत सही करायला आपण कंटाळतो, "आलो होतो की, सगळ्यांनी बघितलं," म्हणतो. पण साहेबापुढे बघितलेले चालत नाही, सही चालते.

आमच्या माहितीतल्या एका वस्तीत, नाव घेत नाही, अध्यक्ष अचानक वारले. दोन गटांनी दोन सभा घेतल्या, दोन चेंज रिपोर्ट टाकले. बँकेने व्यवहार थांबवला. विजेचे बिल भरायचे कुणी, यावर वाद. शेवटी दाराला दोन कुलपे लागली, एक या गटाचे आणि एक त्या गटाचे. त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा लोकांनी रस्त्यावर मांडव घालून केली. मूर्ती आत, माणसे बाहेर. विशेष म्हणजे दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती. पैसा कुणी खाल्ला नव्हता. पण वर्षानुवर्षे सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात आणि सगळे कागद त्यांच्या पलंगाखालच्या पेटीत होते. ते गेले आणि पेटी मुलाने गावी नेली.

आपल्याकडे तसे काही नाही आणि याचे श्रेय मावळत्या अध्यक्षांना दिलेच पाहिजे. गेली तीन वर्षे पासबुक, इतिवृत्ताची वही आणि पावतीपुस्तके तीन वेगवेगळ्या घरांत आहेत. महिन्याचा जमाखर्च पायरीजवळच्या फळ्यावर लागतो, मग तो कुणी वाचो न वाचो. घरटी पन्नास रुपये महिना वर्गणी आहे. ती वाढवा, असे पुष्कळांनी सुचवले. एका सद्गृहस्थांनी तर वर्षाचा सगळा खर्च एकट्याने उचलण्याची तयारी दाखवली होती. अध्यक्षांनी ते नम्रपणे नाकारले. तेव्हा काही लोक रागावले, घरी आलेली लक्ष्मी परतवली म्हणाले. आमचे मत अध्यक्षांच्या बाजूने आहे. पन्नास रुपये देणारा माणूस हिशेब विचारतो. एकच देणारा झाला की विचारणारे घरी बसतात आणि देणारा खुर्ची मागतो.

तरीही दोन बाबी बोलल्याशिवाय राहवत नाही. रोजची वंदना, झाडलोट, फुले, पाणी, रविवारचा मुलांचा वर्ग हे सगळे महिला मंडळ चालवते. जयंतीच्या बॅनरवर पंचवीस जणांचे फोटो असतात, आणि सोमवारी सकाळी हातात केरसुणी घेतलेली एकच आजी असते. पण आठ विश्वस्तांत बाई एकही नाही. ज्यांना विहाराचे दार कुठे फुगते हेदेखील माहीत आहे, त्यांना ठरावावर सही करता येत नाही, हे कसे? येत्या सभेत निदान तीन जागांसाठी भगिनींनी नावे द्यावीत. "आम्हाला त्यातलं काय कळतं," हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही.

दुसरी बाब तरुणांची. आपली मुले विरारला, बदलापूरला, कळव्याला राहायला गेली. चौदा एप्रिलला येतात, नाचतात, जेवतात आणि शेवटची गाडी पकडून जातात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, घर परवडेल तिथेच माणूस जाणार. पण त्यांच्यातच अकाउंट शिकलेले आहेत, वकील आहेत, कॉम्प्युटरवाले आहेत. त्यांनी रोज यावे असे नाही. चेंज रिपोर्ट लिहिणे, जुन्या वह्यांचे फोटो काढून ठेवणे, ऑडिटचे कागद लावणे ही कामे विरारला बसूनही होतात. मावळते अध्यक्ष पुढचे वर्षभर दर रविवारी दहा ते बारा विहारात बसून नव्यांना सगळे दाखवणार आहेत. पद सोडले तरी सतरंजी सोडणार नाही, असे ते परवा म्हणाले.

सभा पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. तीन वर्षांची इतिवृत्ते, ऑडिट झालेले हिशेब आणि विश्वस्तांची यादी भन्तेजींच्या आसनामागच्या टेबलावर आजपासून ठेवली आहेत. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी चष्मा घेऊन यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायला वर्गातली मोठी मुले संध्याकाळी सात ते आठ बसतील. वाचून झाल्यावर शेजारच्या कोऱ्या वहीत आपले नाव आणि काही विचारायचे असल्यास प्रश्न लिहावा. सगळ्या प्रश्नांची उत्तरे सभेत, सर्वांसमोर दिली जातील.

जयभीम! नमो बुद्धाय!