स्पर्धेतला आराखडा आणि घरातली ठेव



हल्ली पुष्कळ महाविद्यालयांत व्यवसाय आराखड्याच्या स्पर्धा होतात. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ई-सेल घेतो ती ‘युरेका’ स्पर्धा तर देशभर माहीत आहे. मुले कल्पना लिहून पाठवतात, निवड झाली की जाणकारांकडून तपासून घेतात आणि मग परीक्षकांसमोर मांडतात. उद्या तुमचा मुलगा किंवा नात असे प्रशस्तिपत्र घेऊन घरी येईल आणि विचारेल, “ती मुदत ठेव मोडायची का?”

प्रशस्तिपत्र कौतुकाने भिंतीवर लावा. पण ठेवीला हात लावण्याआधी एवढे विचारा: परीक्षकांनी काय काय विचारले आणि त्यानंतर तू आराखड्यात काय बदललेस? माझ्या मते, पहिल्याच फेरीत बाद होऊन हिशेब पुन्हा मांडणारी मुलगी बक्षीस घेऊन स्वस्थ बसणाऱ्यापेक्षा पुढे असते.

हिशेबात मुले चुकतात ती बहुधा एकाच जागी. समजा, डब्यांचा व्यवसाय आहे. रोज ५० डबे, डब्याला ८० रुपये, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे विक्री १,००,००० रुपये. डब्यामागे ४५ रुपयांचे सामान धरले तर ५६,२५० रुपये, मदतनिसाचा पगार १५,०००, भाडे आणि गॅस १२,०००. खर्च झाला ८३,२५०, नफा १६,७५०. कागदावर छान दिसते. आता डबे एका कार्यालयाला जातात आणि बिल महिना संपल्यावर ४५ दिवसांनी मिळते असे धरा. वाणी उधार देत नसेल, तर पहिला रुपया हातात येईपर्यंत अडीच महिन्यांचा खर्च खिशातून जातो. तो होतो २,०८,१२५ रुपये! नफ्यातला धंदा बंद पडतो तो असा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांपलीकडे थकवू नयेत असा २००६ चा कायदा आहे खरा, पण गिऱ्हाईक कायदा वाचून पैसे देत नाही.

चांगला परीक्षक नेमके हेच विचारतो, “पैसे हातात कधी येणार?” तुम्हीही विचारा. इंग्रजी सादरीकरण नको, वहीत महिन्यावार जमा आणि खर्च लिहून दाखव म्हणा. आईला समजला नाही तो हिशेब अजून कच्चा आहे.

आणि सगळा भार ठेवीवरच कशाला? मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. तिथेही बँक हीच वही मागेल. इतर कर्जाला जामीन राहायची वेळ आली तर मात्र सही करण्यापूर्वी थांबा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुमच्याकडेही वसुली मागू शकते.

द्यायचेच ठरले तर एकदम देऊ नका. पहिल्या महिन्यात १० डबे, मग २५. ठेवीचे नूतनीकरण जवळ आले असेल तर ३ लाखांची एक ठेव करण्याऐवजी ५०,००० च्या सहा करा. गरज पडली तर एकच मोडावी लागेल, बाकीच्या पाचांचे व्याज चालू राहील.