बातमीचे शील
(राजापेठ, अमरावती येथील भाषण)



दि. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे तिची योग्य दखल घेतली नाही. उलट मृत मातेच्या चारित्र्याविषयीची कुजबूज मात्र छापून आली. मृताला खुलासा करता येत नाही, हे लिहिणारे विसरले.

मुक्यांना वाचा हवी म्हणूनच बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. म्हणून गावची बातमी तुम्ही स्वतः कळवा. काय घडले, केव्हा घडले, कोणी पाहिले, ते लिहा. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच सांगा. असत्य आपल्या सोयीचे असले, तरीही ते छापू देऊ नका.

जय भीम!